ऐंशी मुलांमागे एक सल्लागार : न्यूयॉर्कच्या ‘एसॅप’चे प्रकरण

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेश मिळवायला फारसे काही लागत नाही. हायस्कूल पूर्ण केलेल्या जवळपास कोणालाही दार उघडे असते, फी चार वर्षांच्या विद्यापीठापेक्षा बरीच कमी असते, आणि दोन वर्षांची असोसिएट डिग्री हातात पडली की पुढे थेट तिसऱ्या वर्षाला मोठ्या विद्यापीठात जाता येते, निदान कागदावर तरी. अडचण आहे ती डिग्री हातात पडण्याची. दोन वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांतही न संपवणारे तिथे बहुसंख्य आहेत, आणि ही गोष्ट तिथल्या प्राध्यापकांना, प्रशासकांना आणि सरकारांना पुरेपूर ठाऊक आहे. उपायही पुष्कळ झाले. बहुतेक उपाय एकदोन सत्रे चालले, थोडा फरक दिसला, मग फरक विरला आणि निधीही आटला.

त्यातला एक उपाय मात्र टिकला. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क, म्हणजे ‘क्युनी’, हे न्यूयॉर्क शहराचे सार्वजनिक विद्यापीठ. त्याने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘एसॅप’ सुरू केले. पूर्ण नाव अॅक्सिलरेटेड स्टडी इन असोसिएट प्रोग्राम्स. त्याच्याबद्दल बोलताना बहुतेक जण फुकट फी, फुकट पुस्तके आणि फुकट मेट्रोकार्ड (शहरातल्या सबवे-बसचा पास) यांवर थांबतात. प्रकरण तपशिलात वाचले की लक्षात येते, या फुकटच्या गोष्टींनी एकट्याने फार काही साधले नसते. त्या कशाला बांधल्या होत्या आणि किती दिवस बांधल्या होत्या, इथे खरी मेख आहे.

गळती कुठे होते

आपल्या वाचकाला हे चित्र नीट दिसायला हवे. या कॉलेजांत वर्गात बसणारा विद्यार्थी अठरा वर्षांचा, आईवडिलांच्या पैशांवर शिकणारा असेलच असे नाही. बरेच जण नोकरी करतात, काहींना मुले आहेत, आणि न्यूयॉर्कसारख्या शहरात अनेक जण स्वतः स्थलांतरित आहेत किंवा स्थलांतरितांच्या घरातले, कुटुंबात पहिल्यांदाच कॉलेज पाहणारे.

पहिला धक्का प्रवेशाच्या वेळीच बसे. वाचन, लेखन आणि गणित यांच्या चाचण्या होत, आणि त्यात कमी पडलेल्याला ‘डेव्हलपमेंटल’ कोर्सला, म्हणजे पूर्वतयारीच्या वर्गांना बसवले जाई. या वर्गांची फी भरावी लागे, त्यांत सत्र जाई, पण डिग्रीसाठी लागणाऱ्या क्रेडिटमध्ये ते धरले जात नसत. दोन सत्रे बीजगणिताच्या आधीचे गणित करून हिशेबाला बसावे तर पदवीच्या खात्यात त्याबद्दल शून्य. साहजिकच मुले हे वर्ग पुढे ढकलत. ‘गणित नंतर बघू’ म्हणत बाकीचे विषय घेत राहायचे, आणि शेवटी गणितापाशीच अडकायचे.

दुसरे म्हणजे, विचारायचे कोणाला? क्युनीच्या कॉलेजांत सर्वसाधारण सल्लागारामागे ६०० ते १,५०० विद्यार्थी होते. एवढ्या मुलांत सल्लागाराला कोणाचे नाव लक्षात राहणार? विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीला रांगेत उभा राहतो, कोर्सच्या यादीवर सही घेतो, आणि पुढच्या सत्रापर्यंत संबंध संपतो. चुकीचा कोर्स घेतला, विषय सोडला, कामाची पाळी बदलली म्हणून सकाळचा तास बुडू लागला, तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. मुलगा नापास होऊन बाहेर पडत नाही. तो फक्त पुढच्या सत्राची नोंदणी करत नाही.

पैशांचा प्रश्न आहेच, पण तो वाटतो त्याहून जरा वेगळा आहे. गरीब घरातल्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारची पेल ग्रँट आणि न्यूयॉर्क राज्याचे फी-साहाय्य मिळते, आणि कम्युनिटी कॉलेजची फी त्यात बऱ्याचदा भागते. उरतात ती पुस्तके, प्रवास, जेवण, आणि कामाचे तास कमी केले तर बुडणारा पगार.

आधी करून पाहिलेले

एसॅपच्या आधी एमडीआरसी या न्यूयॉर्कच्या संशोधन संस्थेने ‘ओपनिंग डोअर्स’ नावाने काही कॉलेजांत प्रयोग तपासले होते. त्यातले दोन इथे सांगायलाच हवेत. ओहायो राज्यातल्या लोरेन काउंटी आणि ओवेन्स या दोन कम्युनिटी कॉलेजांत विद्यार्थ्यांना कमी मुले असलेला सल्लागार नेमून दिला, आणि सत्राला १५० डॉलर विद्यावेतन. ही मदत दोन सत्रे चालली. मदत चालू असताना निकालात किंचित सुधारणा दिसली, ती थांबल्यावर सुधारणाही थांबली. ब्रुकलिनच्या किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजात नव्या विद्यार्थ्यांचे छोटे गट करून पहिल्या सत्रात त्यांना तीन विषय एकत्र घ्यायला लावले, पुस्तकांसाठी व्हाउचर दिले, जास्तीचे समुपदेशन दिले. मुले त्या सत्रात जास्त विषय पास झाली, इंग्रजीची अट लवकर पार केली. पुढे परिणाम ओसरला.

लोरेन काउंटी आणि किंग्जबरो ही कॉलेजे या प्रकरणात पुन्हा येतात, म्हणून त्यांची नावे लक्षात ठेवावीत. सल्लागार, थोडे पैसे, एकत्र वर्ग, पुस्तके हे सगळे सुटेसुटे करून झाले होते. कोणी त्यांना निरुपयोगी ठरवले नाही, पण एवढ्याने पदव्या वाढल्या असेही कोणाला म्हणता आले नाही.

योजना आतून

२००६ च्या अखेरीस न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी गरिबी हटवण्यासाठी सेंटर फॉर इकॉनॉमिक ऑपॉर्च्युनिटी हे खाते उघडले होते. त्याच्या पैशांतून क्युनीने आपल्या सहा कम्युनिटी कॉलेजांत एसॅप उभे केले. उद्दिष्ट एका ओळीचे होते: निम्मे विद्यार्थी तीन वर्षांत पदवीधर व्हावेत. पहिल्या तुकडीत १,१३२ विद्यार्थी होते आणि त्यांच्यातले निम्म्याहून अधिक वेळेत पदवीधर झालेसुद्धा. टीकाकारांनी लगेच बोट ठेवले की या तुकडीतल्या बहुतेकांना पूर्वतयारीच्या वर्गांची गरजच नव्हती; तयारीची मुले घेतलीत, मग निकाल लागणारच. आक्षेप रास्त होता. क्युनीने पुढच्या तुकड्यांत पूर्वतयारीचे एकदोन वर्ग लागणारी मुले घेतली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाहेरच्या संस्थेकडून परीक्षा करून घ्यायला होकार दिला.

योजनेतली देवघेव अशी. विद्यार्थ्याने फुल-टाइम शिकायचे, म्हणजे सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यायची. पूर्वतयारीचे वर्ग पुढे ढकलायचे नाहीत, आधी संपवायचे. सल्लागाराला नेमाने भेटायचे, गरज असेल तर शिकवणीला बसायचे, पहिल्या काही सत्रांत अभ्यासाच्या सवयी आणि उद्दिष्टे यांवरचा एसॅपचा परिसंवाद-वर्ग करायचा, नोकरीविषयक मार्गदर्शकाकडे जायचे. बदल्यात सरकारी साहाय्य आणि फी यांच्यात जी काही तफावत उरेल ती विद्यापीठ माफ करणार, पाठ्यपुस्तके वापरायला फुकट, कोर्सची नोंदणी इतरांच्या आधी, तास सलग लागतील असे वेळापत्रक, आणि दर महिन्याला मेट्रोकार्ड.

मेट्रोकार्डपाशी जरा थांबू. न्यूयॉर्कच्या सबवे आणि बसला तीस दिवस कितीही वेळा चालणारे कार्ड २०११ साली १०४ डॉलरला मिळत होते. तासावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ही रक्कम चांगलीच जाणवते. किंग्जबरो कॉलेज ब्रुकलिनच्या अगदी टोकाला, समुद्राला लागून आहे. सबवे तिथपर्यंत जात नाही, ट्रेनमधून उतरून पुढे बस धरावी लागते. अशा कॉलेजात कार्ड नसेल तर तास बुडतो, इतका सरळ हिशेब. पण एसॅपचे कार्ड वर्षाच्या सुरुवातीला एकदम हातात देत नसत. ते महिन्याच्या महिन्याला मिळे, आणि अटी पाळल्या असतील तरच मिळे. त्या महिन्यात सल्लागाराची भेट झाली नसेल तर आधी भेट, मग कार्ड.

हे ऐकायला थोडे जाचक वाटते. मोठ्या माणसांना शाळकरी पोरांसारखे वागवणे आहे, असे कोणी म्हटले तर मी लगेच खोडून काढणार नाही. तरी त्या अटीने काय केले ते पाहावे. ज्या विद्यार्थ्याचे सगळे बरे चालले आहे तो तसाही सल्लागाराकडे जातो. ज्याचे बिनसले आहे तो टाळतो, कारण नापास झाल्याचे सांगायची लाज वाटते. मेट्रोकार्डसाठी मात्र तोही येतो. आणि आला की समोरच्या माणसाच्या यादीत ६० ते ८० नावे असतात, हजार नसतात. त्याला हे नाव माहीत असते, मागच्या भेटीत काय ठरले ते लिहिलेले असते, गणिताच्या सहामाहीत काय झाले हे विचारायला त्याच्याकडे वेळ असतो. पहिल्या सत्रानंतर सल्लागार मुलांना गरजेप्रमाणे तीन गटांत टाकत: जास्त आधार लागणारे, मध्यम, आणि स्वतःचे स्वतः चालवणारे. कोणी किती वेळा भेटायचे ते त्यावरून ठरे. म्हणजे वेळही जिथे लागतो तिथेच खर्ची पडे.

आपल्याकडे नॅकच्या मूल्यांकनासाठी कॉलेजांत ‘मेंटर-मेंटी’च्या याद्या होतात. प्रत्येक प्राध्यापकाला विसेक मुले वाटून दिलेली, सह्यांची वही तयार. वाटप उत्तम असते. पण तेच प्राध्यापक तास, पेपर तपासणी आणि परीक्षेची ड्यूटी सांभाळून हे करणार, आणि मुलाने न भेटल्याने कोणाचेच काही अडत नाही. एसॅपमध्ये सल्लागाराची ती पूर्णवेळ नोकरी होती आणि न भेटल्याने मुलाचे अडत होते. कागदावर दोन्ही योजना सारख्याच दिसतील.

एक प्रशासकीय बाबही उल्लेखावी लागेल. किती मुले किती वेळा भेटली, कोणाची क्रेडिट मागे पडली, याची नोंद प्रत्येक कॉलेजकडून क्युनीच्या मध्यवर्ती कार्यालयात जात असे आणि तिथे ती वाचली जात असे. योजनेच्या संचालक डॉना लिंडरमन यांच्या काळात ही शिस्त बसली. सहा कॉलेजांत एकच योजना सहा तऱ्हांनी राबवली जाण्याचा धोका यामुळे टळला.

परीक्षा आणि निकाल

२०१० साली एमडीआरसीने बरो ऑफ मॅनहॅटन, किंग्जबरो आणि लागार्डिया या तीन कॉलेजांतले ८९६ विद्यार्थी निवडले. सगळे कमी उत्पन्नाच्या घरातले, सगळ्यांना पूर्वतयारीचे एकदोन वर्ग लागणारे, सगळे फुल-टाइम शिकायला तयार. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी केली: काहींना एसॅप, बाकीच्यांना कॉलेजच्या नेहमीच्या सेवा. यामुळे ‘हुशार मुले उचललीत’ हा आक्षेप मुळातूनच संपला, कारण दोन्ही गट सुरुवातीला सारखेच होते.

तीन वर्षांनी नेहमीच्या गटातले २१.८ टक्के विद्यार्थी पदवीधर झाले होते, एसॅपचे ४०.१ टक्के. उच्च शिक्षणातल्या अशा चाचण्यांत पाचसात टक्क्यांच्या फरकालाही लोक समाधानाने मान डोलावतात. इथे अठरा टक्क्यांचा फरक होता. चार वर्षांच्या कॉलेजात पुढे गेलेल्यांचे प्रमाणही १७.३ वरून २५.१ टक्क्यांवर गेले. हा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातला मला सगळ्यात बोलका वाटणारा आकडा मात्र पदव्यांचा नाही. पहिल्या वर्षात नेहमीच्या गटातला विद्यार्थी सल्लागाराला सरासरी ६ वेळा भेटला, एसॅपचा ३८ वेळा. शिकवणीला पहिला ७ वेळा गेला, दुसरा २४ वेळा. सेवा दोघांनाही उपलब्ध होत्या. शिकवणी केंद्राचे दार कोणालाच बंद नव्हते. फीमाफी तर एसॅपच्या फार थोड्या मुलांना प्रत्यक्ष लागली, कारण बहुतेकांची फी पेल ग्रँट आणि राज्याच्या मदतीतच भागत होती. योजनेचे सर्वांत जास्त जाहिरात झालेले अंग व्यवहारात सर्वांत कमी वापरले गेले. कोणत्या घटकाने किती काम केले हे या चाचणीतून वेगळे काढता येत नाही, सगळे एकत्रच दिले होते. पण ३८ आणि ६ हे आकडे पाहिल्यावर माझा कौल कुठे पडतो हे सांगायला नको.

तिसरी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. किंग्जबरो आणि लागार्डियामध्ये मुख्य सत्राला जोडून एक छोटे सत्र असते. एसॅपची मुले या छोट्या सत्रांत इतरांपेक्षा बरीच जास्त दिसली. सल्लागाराने ‘इथे गणित उरकून टाक’ म्हणायचे आणि मुलाने ऐकायचे. क्रेडिट अशीच एकेक करून साठतात.

खर्चाचा हिशेब

एसॅप स्वस्त नव्हते. तीन वर्षांत एका विद्यार्थ्यामागे नेहमीपेक्षा सुमारे १६,३०० डॉलर जास्त गेले, म्हणजे ६३ टक्क्यांची वाढ. वित्त खात्यातला कोणीही माणूस इथेच फाइल बंद करेल. पण पदव्या ६३ टक्क्यांनी वाढल्या नाहीत, त्या ८४ टक्क्यांनी वाढल्या, २१.८ वरून ४०.१. खर्च १.६३ पट, पदव्या १.८४ पट. भागाकार केला तर एका पदवीमागचा खर्च अकरा टक्क्यांनी कमी येतो. नेहमीच्या पद्धतीत एक पदवीधर तयार व्हायला साधारण १ लाख १८ हजार डॉलर लागत होते, एसॅपमध्ये १ लाख ५ हजारांच्या आसपास. कॉलेजचे अंदाजपत्रक मात्र दर पदवीवर बनत नाही, दर विद्यार्थ्यावर बनते. त्यामुळे स्वस्त पडणारी योजना कागदावर महागच दिसते, आणि तिच्यासाठी दर वर्षी शहराकडे हात पसरावा लागतो. क्युनीला पुढे शहराने साथ दिली आणि योजना हजारोंच्या घरातून २५,००० विद्यार्थ्यांपर्यंत नेण्याचे ठरले. वाढताना सल्लागारामागची मुलेही वाढली, १५० च्या आसपास गेली. दर विद्यार्थी खर्च त्यामुळे उतरला. १५० हा आकडा ६०० पेक्षा कितीतरी बरा आहे, पण चाचणीत सिद्ध झालेली योजना १५०ची नव्हती, हे विसरून चालणार नाही.

ओहायोत पुन्हा

न्यूयॉर्कला सबवे आहे, श्रीमंत महापालिका आहे. इतरत्र हे कसे चालणार? हा प्रश्न ओहायोने सोडवला. २०१४ पासून सिनसिनाटी स्टेट, कायाहोगा आणि लोरेन काउंटी या तीन कम्युनिटी कॉलेजांनी एसॅपची आवृत्ती सुरू केली. लोरेन काउंटी म्हणजे तेच कॉलेज, जिथे दोन सत्रांच्या सल्लागाराने आणि दीडशे डॉलरनी टिकाऊ काही साधले नव्हते.

मेट्रोकार्डचा तिथे उपयोग नव्हता, बहुतेक जण गाडीने येतात. त्यांनी महिन्याला ५० डॉलरचे गिफ्ट कार्ड दिले, पेट्रोल किंवा किराण्यासाठी, आणि ते तसेच सल्लागाराच्या भेटीला बांधले. विद्यार्थीही वेगळे होते, वयाने मोठे आणि नोकरी करणारे जास्त. यादृच्छिक विभागणीच्या चाचणीत १,५०१ विद्यार्थी होते. तीन वर्षांचा निकाल जवळपास न्यूयॉर्कचाच: नेहमीच्या गटात १९ टक्के, योजनेत ३५ टक्के. सहा वर्षांनी पाहिले तेव्हाही पदवी मिळवणाऱ्यांच्या टक्केवारीत १५ अंकांचा फरक कायम होता, आणि वार्षिक कमाई सरासरी ११ टक्क्यांनी जास्त होती.

लोरेनचे दोन प्रयोग शेजारी ठेवले की सल्लागार आणि पैसे दोन्हीकडे दिसतात. दुसऱ्या वेळी ते तीन वर्षे टिकले, पैसे दर महिन्याच्या भेटीवर अवलंबून राहिले, आणि फुल-टाइमची व पूर्वतयारी आधी उरकण्याची अट त्यांना जोडली गेली. दोन सत्रांत मुलाला वळण लागेल आणि मग तो एकटा चालेल, हा मूळ अंदाजच चुकीचा होता असे मी म्हणेन. दुसऱ्या वर्षी भाडे वाढते, आई आजारी पडते, संख्याशास्त्र समोर येते. संकटे पहिल्या सत्रापुरती नसतात.

न सुटलेले

न्यूयॉर्कच्या त्याच विद्यार्थ्यांचा सहा वर्षांनी मागोवा घेतला तेव्हा एसॅपचे ५१ टक्के आणि नेहमीच्या गटाचे ४१ टक्के पदवीधर झालेले होते. म्हणजे अंतर अठरावरून दहावर आले. नेहमीच्या गटातले काही जण रखडत का होईना पोहोचले. योजनेने काहींना पदवी मिळवून दिली आणि काहींना ती लवकर मिळवून दिली. लवकर मिळण्यालाही मोल आहे, पण समर्थक ‘दुप्पट पदव्या’ म्हणतात तेव्हा ते तीन वर्षांचा आकडा सांगत असतात, हे ध्यानात ठेवावे. आणि सर्व आधार देऊनही सहा वर्षांनी निम्मे विद्यार्थी पदवीविना राहिले, ही गोष्ट अहवालाच्या शीर्षकात कधी येत नाही.

माझा मोठा आक्षेप फुल-टाइमच्या अटीला आहे. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांतले अर्ध्याहून अधिक विद्यार्थी पार्ट-टाइम शिकतात. रात्रपाळी करणारी, लहान मूल असलेली बाई सत्राला १२ क्रेडिट घेऊ शकत नाही, म्हणून तिला सल्लागार नाही, प्रवासाचा पास नाही, पुस्तके नाहीत. तिच्या वाट्याला तोच ६०० मुलांचा सल्लागार. चाचणीत सिद्ध झालेली योजना तशीच राबवावी हे खरे, अट काढली तर निकाल तोच लागेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही हेही खरे. पण अशी बाई दिवसाला दोन तासच शिकू शकत असेल, तर तिच्यासाठी सहा क्रेडिटची, पाच वर्षांची आणि त्याच कमी यादीच्या सल्लागाराची आवृत्ती बनवून तिची तितकीच कडक परीक्षा घेणे, हे काम क्युनीसारख्या मोठ्या विद्यापीठालाच परवडण्यासारखे आहे. क्युनीने एसॅपचा पुढचा विस्तार चार वर्षांच्या पदवीकडे केला. २०१५ मध्ये जॉन जे कॉलेजात ‘एस’ नावाने तेच सूत्र सुरू झाले, तेही फुल-टाइम विद्यार्थ्यांसाठीच.